शेळीचोराचं नाव

कुसुम गेल्याचा निरोप घेऊन तिचा भाऊ शाळेत आला, तेव्हा मी वर्गात व्याकरण शिकवत होते. "विषमज्वर उलटला, ताई," एवढंच म्हणाला. मी खडू खाली ठेवला. खरं सांगायचं तर आधी रडू आलं नाही. मनात आलं, तो माणूस सुटला... त्याला तोंडावर जाब विचारणारी एकटी तीच होती. आता काही आठवडे लोटल्यावर तिच्याबद्दल लिहायला बसले आहे, आणि संयमानं लिहा असा संपादकांचा आग्रह आहे. संयम कुसुमकडे होता. माझ्याकडे तो कधीच नव्हता आणि या कामासाठी मला तो उसनाही नको.

घाटकोपरला आमची बिऱ्हाडं एकाच जिन्यावर. ती मानसशास्त्र शिकली आणि शहरातल्या एका संस्थेत लागली. माणूस म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय होतं, याचा तिथं अभ्यास चालायचा. तांदूळ निवडता निवडता तिनं मला एकदा तो समजावून सांगितला होता. "दोन वाटा आहेत गं. एक म्हणजे विशीतली आणि साठीतली माणसं आज शेजारी बसवायची आणि फरक मोजायचा. दुसरी म्हणजे त्याच माणसांकडे दरवर्षी जात राहायचं. पहिली झटपट होते. पण फरक वयाचा की शाळेत न गेल्याचा, हे तिच्यात कळत नाही." तिच्या संस्थेच्या डॉक्टरसाहेबांना झटपट हवं होतं. त्यांचं नाव मी इथं घेणार नाही. का, ते पुढं कळेल.

साहेबांनी तरुण मुली घेतल्या कचेरीतल्या आणि म्हाताऱ्या घेतल्या माहूलच्या कोळीवाड्यातल्या. रविवारी मी कुसुमच्या मदतीला जायची. चेंबूरपासून पुढं पायपीट, एका बाजूला तेलाच्या कारखान्यांची नवी धुराडी, दुसरीकडे वाळत घातलेली मासळी. हिराबाई नावाच्या म्हातारीच्या अंगणात आम्ही बसत असू. मुठीचा जोर, नजर, श्वास हे सगळं मोजून झालं की शेवटी स्मरणशक्ती. साहेबांनी लिहिलेली एक छोटी गोष्ट वाचून दाखवायची आणि बाईनं ती लगेच परत सांगायची. गोष्ट अशी, की रामा बाजारात गेला, गणपतनं त्याची शेळी चोरली, विठोबानं त्याला पुलाखाली पकडलं. कचेरीतल्या मुलींनी ती घडाघडा सांगितली. माहूलच्या म्हाताऱ्या मात्र अडखळायच्या. "तो एक बाजारात गेला, दुसऱ्यानं शेळी चोरली..." नावं गाळली की गुण कापायचे, असा नियम होता.

कुसुम मात्र गप्प बसली नाही. तिनं हिराबाईला सरळ विचारलं, "आजी, चोराचं नाव आठवत नाही का?"

"आठवतंय ना. पन आमच्या सासऱ्याचा नाव हाय तो. कसा घेऊ गो बाय?"

कुणाचा नवरा रामा, कुणाचा थोरला दीर विठोबा. सात जन्मांत न उच्चारलेली नावं एका शहरी माणसाच्या परीक्षेसाठी त्या कशा उच्चारणार? लग्न न झालेल्या कचेरीतल्या मुलींना ही अडचणच नव्हती. कुसुम धावत साहेबांकडे गेली. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "नाव न सांगणं म्हणजे विसरणं. शास्त्रात लाज मोजत नाहीत." पन्नाशीनंतर बायकांची स्मरणशक्ती झपाट्यानं ढासळते, असा निबंध त्यांनी विद्वानांच्या सभेत वाचला आणि टाळ्या घेतल्या. कुसुमनं त्याच सभेत उभं राहून सासऱ्याच्या नावाची गोष्ट सांगितली. लोक हसले. साहेब हसले नाहीत. महिन्याभरात तिची नोकरी गेली आणि जिथं जिथं तिनं अर्ज केला, तिथं तिथं साहेबांचा शब्द आधीच पोचलेला असायचा.

तरी ती माहूलला जात राहिली. उपकरणं गेली होती, गोष्ट होती. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच बायका, तीच गोष्ट. फक्त नावं अशी, की गावात कुणाचीच नसतील. ती शोधताना एकदा ती खुदकन हसली. "साहेबांचं नाव अख्ख्या कोळीवाड्यात कुणाचं नाही गं." मी म्हटलं, "मग घाल की, चोराच्या जागी." तिनं मान हलवली. "शास्त्रात सूड नको." दुसऱ्या वर्षीही म्हाताऱ्यांनी गोष्ट जशीच्या तशी सांगितली. अशी दहा वर्षं गेली की साहेबांचा निबंध आपोआप खोटा पडेल, म्हणायची. तिसरं वर्ष तिला मिळालं नाही.

कुसुमच्या शोकसभेला अध्यक्ष म्हणून कुणाला बोलवावं? साहेबांनाच. शाल सावरत ते म्हणाले, "आमच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली गुणी विद्यार्थिनी, कुमुद..." कुणीतरी हळूच सांगितलं, "कुसुम." त्यांची साठीशांत नुकतीच झाली होती. मी मनातल्या मनात त्यांचे गुण कापले. तेवढ्यानं माझं पोट भरलं नाही. तिची आई समोर बसली होती म्हणून मी जागची उठले नाही.

पुढच्या रविवारी मी एकटी माहूलला गेले. कुसुमचा तोच महिना होता. हिराबाईनं सवयीनं अंगणात दोन पाट मांडले, मग दुसऱ्याकडे बघत राहिली. तो तिनं उचलला नाही, मीही उचलला नाही. बायका जमल्यावर मी गोष्ट सांगितली. बाकी सगळं कुसुमचंच होतं, फक्त शेळी चोरणाऱ्याचं नाव मी बदललं. आडनावासकट घातलं, आणि मागं 'डॉक्टरसाहेब' असंही लावलं. हिराबाईनं आधी चौकशी केली, "ह्या नावाचा आपल्यात कोन नाय ना?"

"नाही आजी. शहरातला आहे."

"मंग घेव बिनधास." आणि तिनं गोष्ट ठणठणीत आवाजात सांगितली, त्यांनी शेळी कशी चोरली, पुलाखाली कसे सापडले, सगळं. एकामागून एक प्रत्येकीनं ते नाव घेतलं. ओट्यावरच्या सुना हसायला लागल्या आणि त्यांनीही ते घोकलं.

म्हणून ते नाव इथं छापलं नाही. छापलेल्या कागदात दोन दिवसांनी बोंबील बांधतात, अंगणातली गोष्ट टिकते. निघताना मी त्या रिकाम्या पाटाकडे बघितलं. ती काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे. पण पद्धत तिचीच आहे, मी ती मोडणार नाही. दरवर्षी याच महिन्यात येऊन, याच बायकांना विचारणार आहे, शेळी कुणी चोरली?