आमच्या मंडळाने जतन केलेल्या गोष्टी

असल्या किश्शांचं एक असतं. ते कोणी गोळा करायला जात नाही, आपोआप साचतात, परसातल्या पाचोळ्यासारखे. आम्ही गोळा करायला निघालो होतो ते वेगळंच. त्यातलं हाताला फारसं लागलं नाही, आणि हा पाचोळा मात्र अजून उपसतोय.

ऐंशीच्या दशकात आमचा जिल्हा नवा नवा वेगळा झाला, तेव्हा गावोगाव काहीतरी स्थापन करायची हौस आली होती. आम्ही 'लोककथा जतन मंडळ' स्थापन केलं. अध्यक्ष नाना, म्हणजे हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर. सभासद वासू शिंपी, कारण त्याच्या मेहुण्याने आखातातून टेपरेकॉर्डर आणला होता. आणि मी, त्याच हायस्कूलात मराठी शिकवणारी, कारण अक्षर चांगलं.

अजूनही वासूच्या दुकानात बसलं की तो कात्री थांबवून म्हणतो, "बाई, ता आठवता?" मग सुरू होतं. खूप हसतो आम्ही. हसताना एकमेकांकडे बघत नाही, एवढंच.

*

उद्घाटनाचा दिवस. नानांनी तासभर भाषण केलं. आपली मालवणी बोली ही आपली आई आहे, तिचं दूध आपण प्यायलो आहोत, वगैरे. सगळं अस्सल पुणेरी मराठीत.

स्वागताला सातवीच्या मुलींचं मालवणी गाणं ठेवलं होतं. आता, त्याच शाळेत नाना हेडमास्तर असताना वर्गात कोणी 'माका' म्हणालं की बाकावर उभं राहायची शिक्षा होती. नाना निवृत्त झाले, शिक्षा निवृत्त झाली नव्हती.

मुली स्टेजवर आल्या. समोर पहिल्या रांगेत नाना. गाण्यात पहिलीच ओळ होती 'माका जावचा म्हायेराक'. पेटीवाल्याने सूर दिला, मुलींनी नानांकडे पाहिलं आणि सगळ्यांनी एका आवाजात सुरू केलं, "मला जायचे माहेराला."

संपूर्ण गाणं तसंच झालं. एक चूक नाही. नानांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. म्हणाले, "उच्चार किती स्वच्छ."

*

पहिलं रेकॉर्डिंग जनाआजोबांचं. वय नव्वदीला टेकलेलं, पण राक्षसाच्या आणि वाट चुकलेल्या वरातीच्या गोष्टी सांगायला लागले की चुलीवरची पेज उतू जायची. नानांनी सगळ्यांना ताकीद दिली होती, मशीन चालू असताना कोणी आवाज करायचा नाही.

आजोबांनी चार वाक्यं सांगितली आणि थांबले. "कोण आयकता?"

"आम्ही सगळे ऐकतोय, आजोबा," मी म्हटलं.

"मगे हूं कोण म्हणतलो?"

गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. समोरच्याने 'हूं' म्हटलं नाही तर त्याला वाटतं, ऐकणारा झोपला. नाना म्हणाले, वासू मान हलवेल.

"मान म्हस पण हलयता," आजोबा म्हणाले, आणि सुपारी कातरायला घेतली.

शेवटी नानांनी हार मानली. वासूने हुंकार द्यायचा ठरलं. मग मात्र आजोबा असे काही सुटले की कॅसेटच्या दोन्ही बाजू संपल्या तरी वरात रानातच होती. वासूही रंगला होता. कुठे हळू हूं, कुठे घाबरून हूं. भीतीच्या जागी तर त्याचा आवाज खोल विहिरीतून यायचा.

कॅसेट आम्ही मुंबईला पाठवली. तिथले एक प्राध्यापक, मूळचे इकडचेच, आमच्या गोष्टींचं संपादन करणार होते. पावसाळा उलटल्यावर कॅसेट परत आली, सोबत त्यांचा निरोप. सामग्री मोलाची आहे, परंतु पार्श्वभूमीला कोणी रुग्ण सतत कण्हत आहे, त्यास दुसऱ्या खोलीत ठेवून पुन्हा ध्वनिमुद्रण करावे.

जनाआजोबा श्रावणातच गेले होते.

*

बाबी गावकर आमच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा. कोणाला काही मागायचं असलं की तो देवासमोर उभा राहून त्याच्या वतीने मागणार आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणणार. नाना म्हणाले, हा तर आपल्या मौखिक परंपरेचा कळस, हे रेकॉर्ड झालंच पाहिजे.

बाबी तयार होईना. "गाराणा देवाक घालतत, नानानू. मशिनीक नाय."

"नमुना म्हणून घाल रे."

"नमुन्याक काय मागू? देवाक उगाच हाक मारून, काय नाय, तुझो आवाज बघूक होयो होतो, असा सांगू?"

नानांनी खूप गळ घातली. बाबी वयाने लहान, नानांच्या हाताखाली शिकलेला. त्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, ठीक, पण मग खरंच मागतो. देवळात उभा राहिला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तुझो लेकरू आज तुझ्या पायाकडे इलो हा. माझो झील म्हमयत गिरणीत होतो. गिरण बंद पडली हा, म्हाराजा. त्येका परत कामार घे, त्येची चूल पेटती रवांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं. वासूचा 'व्हय' सगळ्यांच्या मागून आला. टेपमध्ये ते कळतं. कळायचं.

पुढच्या वर्षी आम्ही मोठा लोककथा उत्सव भरवला. पाहुणे यायला उशीर झाला. मांडवात माणसं चुळबुळ करायला लागली, तेव्हा कोणीतरी लाऊडस्पीकरवर बाबीचं गाऱ्हाणं लावलं. पोरं हसत हसत 'व्हय म्हाराजा' ओरडायला लागली. लोकांना आवडतंय म्हणून पुन्हा लावलं. पाहुणे येईपर्यंत लावत राहिले.

बाबी मांडवाच्या मागच्या खांबाला टेकून उभा होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "बाई, एकदा घातलेला गाराणा परत घालूचा नसता. देवान आयकूक नाय, असो त्येचो अर्थ होता."

मे महिन्यात त्याचा मुलगा बायकोपोरांसह गावी आला. लोखंडी पेटी घेऊन. बाबी रस्त्यात भेटला की पूर्वीसारखाच हात जोडायचा.

*

त्याच उत्सवात दशावतार होता. वेंगुर्ल्याकडचा दत्ता संकासुराचं काम करायचा. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा राक्षस. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं, नट उभ्या उभ्या बोलतात. दत्ता गावात शिरताना कोणाचा बांध कोणी सरकवला एवढं विचारून घ्यायचा, आणि ते सगळं संकासुराच्या तोंडून बाहेर पडायचं. हसून हसून माणसं बाकावरून खाली यायची. ज्यांनी तो सरकवलेला असेल ती उठून जायची.

पाहुणे येणार म्हणून प्राध्यापकांनी सुचवलं, संहिता असावी. नानांनी संहिता लिहिली. दत्ताला पाठ करायला दिली. विंगेत कागद घेऊन मला उभं केलं.

दत्ता काळा वेश घालून आला. लोक आधीच हसायला लागले. त्याने पहिलं वाक्य म्हटलं, "हे विधात्या, तव ज्ञानभांडार हरण करण्यास्तव मी येथे..." आणि अडला. मी आतून पुढचा शब्द सांगितला. त्याला ऐकू गेला नाही. पुन्हा सांगितला. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षं ज्याच्या तोंडाला कोणी आवर घालू शकलं नाही तो माणूस, रंगवलेल्या तोंडाने, शब्दासाठी माझ्याकडे पाहत होता.

मांडवातून एक म्हातारा सावकाश बोलला. "आजपर्यंत संकासुर वेद चोरून न्हेयत इलो. औंदा वेदांनीच संकासुराक चोरल्यानी."

दत्ताच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा हशा तोच. तो त्याचा नव्हता.

*

रुक्मिणकाकीची गोष्ट मात्र आम्हाला मांडवात नाही, किनाऱ्यावरच मिळाली. काकी मासे विकायची. तिचा घोव होडी घेऊन गेला तो परत आला नाही, त्याला बरीच वर्षं झाली होती. दुपारी बायका वाळूत मासे सुकत घालायच्या आणि काकी गोष्ट सांगायची.

गोष्ट अशी. एका बाईचा घोव दर्यात बुडतो. ती किनाऱ्यावर येऊन दर्याला शिव्या देते. दर्याला गंमत वाटते. त्याला सगळे नारळ देतात, शिव्या कोणी दिलेल्या नसतात. तो म्हणतो, रोज येऊन मला एक नवी शिवी दे, तोवर तुझा घोव तुझ्या घरी राहील. जुनी दिलीस की त्याला घेऊन जाईन.

बाई रोज जाते. गिऱ्हाइकांकडून शिव्या शिकते, जावांची भांडणं कान देऊन ऐकते. आणि एक दिवस तिच्याकडची शिवी संपते. घोवाला ते कळतं. तो मुद्दाम तिच्याशी भांडण काढतो, इतकं की तिच्या तोंडातून कधी न दिलेली शिवी बाहेर पडते. ती धावत दर्यावर जाते आणि तीच देते. दर्या म्हणतो, ही उष्टी आहे, घरात देऊन आलीस. आणि घोवाला नेतो.

ही गोष्ट काकी एकटी सांगायची नाही. शिव्यांच्या जागी थांबायची, आणि बसलेली प्रत्येक बाई आपली एक द्यायची. "मेल्या, येवडो मोठो आसान कोणाची तान भागवक नाय." "नद्यांचा उष्टा पाणी पितंस आणि मोठो म्हणान मिरवतंस." जितक्या बायका तितकी गोष्ट लांब. त्यातल्या कितीजणींची माणसं दर्याने नेली होती ते मला नंतर कळलं. टेप चालू होता तेव्हा मी हसत होते.

मी शब्दन्‌शब्द उतरवून पाठवला. प्राध्यापक स्वतः आले. म्हणाले, कथाबीज उत्तम आहे, पण पुस्तक शाळांत जाणार, शिव्या चालणार नाहीत.

"शिव्या काढल्या तर उरतं काय?" मी विचारलं.

"भक्ती," ते म्हणाले.

नाना म्हणाले, "वा."

*

पुस्तक निघालं. गुळगुळीत कव्हर, आत नानांचा फोटो. टेप्सची आता गरज नव्हती, आणि नव्या कॅसेट आणायला मंडळाकडे काही नव्हतं. वासूच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्याने त्याच जुन्या कॅसेटांवर लग्न रेकॉर्ड केलं. मंडळाने हरकत घेतली नाही. मंडळ म्हणजे आम्हीच.

लग्नानंतर सगळे पाहुणे ऐकायला बसले. मंगलाष्टकं, सावधान, वाजंत्री, बायकांची गडबड. मग जरा खरखर झाली आणि स्वच्छ आवाज आला, "...आणि नवरो घोड्यावरसून बघता तर मागे वरातच नाय. आयकतास मां?"

जनाआजोबा.

 वासूची बायको पुढे झाली, "बंद करा ता. शुभ कार्यात मेलेल्याचो आवाज."

वासूचा हात बटणावर होता. पण त्याने आधी, अगदी हळू, "हूं" म्हटलं. मग बंद केलं.

*

पुस्तक शाळेत बक्षीस म्हणून द्यायचो. एका दुपारी मी किनाऱ्यावर बांगडे घ्यायला गेले होते. रुक्मिणकाकी मासे सुकत घालत होती आणि शेजारची सुलू, आमच्या शाळेतली, तिच्याजवळ पुस्तक घेऊन बसली होती. बाकीच्या बायका गोष्ट सांग म्हणून मागे लागल्या. काकीने सुरुवात केली, तशी सुलू म्हणाली, "काकी, ही ह्या पुस्तकात आसा. पण तू सांगतंस तशी नाय."

"वाच बघू," काकी म्हणाली.

मी निघायला हवं होतं. सुलूने वाचायला घेतलं. एक पतिव्रता कोळीण होती. तिचा पती समुद्रात गेला असता परत आला नाही. ती रोज किनारी येऊन हात जोडून समुद्रदेवाची स्तुती करू लागली. हे रत्नाकरा, हे करुणासिंधो. सुलू छान वाचायची. बायका आपल्या शिव्या तोंडात धरून बसल्या होत्या, जागा येईल म्हणून. जागा आली नाही.

काकी हातातला मासा तसाच धरून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आणि घोव?"

"देव प्रसन्न झालो. त्येनी घोवाक परत दिल्यान."

"किती दिसांसाठी?"

"कायमचो."

"कायमचो?"

"व्हय. हय तसाच छापलेला आसा."

काकी दर्याकडे बघत राहिली. मग तिने सुलूला विचारलं, "असा हात जोडून मागूचा, ह्या तिका कोणी सांगल्यान गो?"

सुलूने पान मागे पुढे केलं. "ता लिवूक नाय."

काकीने हातातला बांगडा वाळूवर नीट पालथा ठेवला.

"माका कोणीच सांगूक नाय," ती म्हणाली.