पाताळातल्या नदीची शपथ

नातीने नखांचं पॉलिश पुसायची बाटली उघडली, आणि त्या उग्र वासाने मला थेट तळोज्याकडच्या आमच्या नदीकाठी नेऊन उभं केलं. बारा-पंधरा वर्षं झाली असतील. मेलेले मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते आणि कारखान्याचे साहेब सांगत होते, "पाणी एकदम स्वच्छ आहे."

माझी धाकटी जाऊ पारू, तिचं घर त्याच मासळीवर चालायचं. ती कडाडली, "मंग नाकाला रुमाल कशाला लावलाय?"

मी तेव्हा वाचनालयातून ग्रीक देवांच्या गोष्टी आणल्या होत्या बघा. मी तांब्या नदीत बुडवला नि साहेबांपुढे धरला. "घ्या हातात आणि बोला. ग्रीकांचे देवसुद्धा पाताळातल्या स्टिक्स नदीचं पाणी घेऊन शपथ घेतात. खोटं बोलला तर देवाचाही वर्षभर श्वास बंद!"

साहेब मागे सरले, गाडीत बसले, काच वर केली. आम्ही बायका काय हसलो! जिंकलोच म्हणा ना.

आता कळतं, ती पाताळातली नदी खोटी शपथ घेणाऱ्याला धरते. हा तर शपथच न घेता निघून गेला, आणि पारूच्या घरचं जाळं पुन्हा पाण्यात पडलं नाही.