पोट सुटलेली चाकं

सुमितचा फोन आला तेव्हा मी दळण आणायला निघाले होते. “आत्या, पप्पा गेले,” एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, “गाडी चालवत होता का?” तो म्हणाला, “नाही आत्या, घरीच. जेवून ओसरीत पडले होते. चहाला उठवायला गेलो तर...” माझा धाकटा भाऊ बाळू गेला होता आणि मी दारात पिशवी धरून गाडीची चौकशी करत होते. वाचणाऱ्यांना हे विचित्र वाटेल. पण शेवटची दोन वर्षं आम्हा बहीणभावांत त्याच्या पिकअपच्या पुढच्या चाकांखेरीज दुसरा विषयच उरला नव्हता, त्याला मी काय करू!

आमचं माहेर चिखलीचं. जिथं आमची शेतं होती तिथं आता पत्र्याच्या शेड आणि त्यात दिवसभर खडखडणारी मशिनं. उरलेल्या तुकड्याच्या भाड्यावर बाळू आरामात बसून खाऊ शकला असता. पण बसून खाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं एक जुनी पिकअप घेतली आणि आसपासच्या वर्कशॉपमधले सुटे भाग चाकणच्या कंपन्यांना पोचवायला लागला. गाडीवर त्याचा इतका जीव, की सिंधू, माझी भावजय, म्हणायची, “मला ताप आला तर क्रोसीन, आन् गाडी गरम झाली तर ह्यांना जेवन जात न्हाई.” मागची चाकं त्यानं ट्रकसारखी जोडीची करून घेतली होती. तिथवर ठीक होतं. मग त्याच्या डोळ्यांत पुढची चाकं सलायला लागली. “मागून पैलवान आन् पुढून पोरगं दिसतंय गं आक्के,” तो म्हणायचा. ट्रकच्या पुढच्या चाकांचा मधला भाग कसा पोट सुटल्यासारखा बाहेर आलेला असतो, तशी चाकं त्याला हवी होती. वर कारणही तयार. पुढं-मागं एकसारखंच चाक असलं म्हणजे कुठंही पंक्चर होवो, एकच स्टेपनी पुरते म्हणे. चिखली ते चाकण, एवढ्या टापूत हिंडणाऱ्या माणसाला स्टेपनीची केवढी ती काळजी!

तशात त्याला हार्ट अटॅक येऊन गेला. डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं की ओझं उचलायचं नाही, हाताला जोर लागेल असं काही करायचं नाही. हा नंदीबैलासारखा मान हलवत “व्हय डॉक्टर, व्हय डॉक्टर” करत होता. महिना उलटला नाही तोवर पठ्ठ्यानं ती चाकं बसवली. जुन्या गाडीला ती सरळ बसेनात, म्हणून मध्ये जाड लोखंडी कडं घातलं. टायर मडगार्डच्या बाहेर चार बोटं आले, आणि स्टेअरिंग असं जड झालं की विचारू नका. कौतुकानं मला चाकणला घेऊन गेला. कंपनीच्या गेटात वळताना दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढत तो सीटवरून अर्धा उठला. शर्ट पाठीला चिकटला होता, ओठ पांढरे पडले होते. त्या दिवशी मी सांगून टाकलं, “बाळू, ती चाकं आहेत तोवर मी तुझ्या गाडीत पाय ठेवणार नाही.” तर हसून म्हणतो, “नगं ठिवू. रिक्षानं ये.”

आणि मी खरंच रिक्षानं, बसनं जात राहिले. दिवाळीला, जत्रेला, सिंधूच्या ऑपरेशनला. हा मला न्यायला चिंचवडला माझ्या घरी यायचा, मी बसमध्ये चढायचे, आणि बसच्या मागं मागं ही पोट सुटलेली पिकअप चिखलीपर्यंत यायची. मागच्या खिडकीतून मला दिसायचा, हात करायचा. कंडक्टरनं एकदा विचारलं, “मावशी, तो पिकअपवाला तुमच्या ओळखीचा हाय का?” मी नाही म्हणून सांगितलं. बरं, अशा चाकांवर आरटीओत गाडीचं पासिंग होत नाही. मग पासिंगपुरती जुनी चाकं चढवायची, शिक्का पडला की परत ही. पासिंगच्या दिवशी मुद्दाम माझ्या दारात हॉर्न वाजवायचा. “आक्के, आज साधी चाकं हायती. बस की!” मी वरूनच विचारायचे, “उद्या परत बसवणार ना?” “मंग! बसवनारच की.” “मग चालायला लाग.” चौथीच्या वर्गातल्या द्वाड पोरांना दटावण्यात माझी सारी नोकरी गेली, पण इतका हट्टी विद्यार्थी एकही भेटला नाही.

दहाव्याला जो तो म्हणत होता, त्या गाडीनंच नेलं त्याला. मलाही तेच हवं होतं. कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या. म्हणून मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, “तसं काही नाही हो. हृदय कमजोरच होतं त्यांचं, नुसते बसून राहिले असते तरी...” म्हणजे चाकांवरही राग काढायची सोय उरली नाही.

सुमित माणला आयटी कंपनीत आहे, त्याला पिकअपचा काय उपयोग? गिऱ्हाईक मिळालं, पण त्याला जुनी चाकं हवी होती. ही चाकं निघताना मला डोळ्यांनी बघायची होती, म्हणून मी मुद्दाम गेले. बाळूचा नेहमीचा गणपत मिस्त्री, बीडकडचा, जॅक घेऊन आला. मी म्हटलं, “मिस्त्री, तुम्ही तरी त्याला अडवायचं होतं. केवढं जड स्टेअरिंग ते!” तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. “जड कुठलं आक्का? पावर स्टेअरिंग हाय की ह्येला. भंगारातल्या गाडीचं आणून म्याच बसवलं. दीड वरीस झालं असंल.” मी सुमितकडं पाहिलं, तो चपलेच्या अंगठ्याकडं बघत होता. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. मिस्त्री आपला सांगतच होता, “मालक म्हणले, आक्काचं बरोबर हाय, लई दम लागतो. पर तिला कळू दिऊ नको, न्हाईतर म्हणंल आता चाकं बी काढ.”

मी तशीच चढून बाळूच्या सीटवर बसले. सुमितनं गाडी चालू करून दिली. स्टेअरिंगला हात लावला, ते एका हातानं फिरलं... या बाजूला, त्या बाजूला, लोण्यासारखं. दीड वर्ष मी बसचे धक्के खाल्ले, त्याच्याशी धड बोलले नाही, आणि त्यानं माझं कधीच ऐकलेलं होतं! एका शब्दानं सांगायला काय झालं होतं या माणसाला? “अरे गाढवा, बोलायचंस की!” मी ओरडलेच. मिस्त्री दोन पावलं मागं सरकला.

मग मी पलीकडच्या सीटवर सरकले आणि सुमितला म्हटलं, “चाकं नंतर काढू. आधी मला मोशीपर्यंत फिरवून आण.” त्यानं फाटकातून गाडी बाहेर वळवली, एका हातानं. मला इतका राग आला होता, की रडूच फुटलं.