जेवण झालं म्हणणारी माणसं

तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या सेतुमाधवरावांनी तीस वर्षं पाटबंधारे खात्यात पाणी मोजलं. कावेरीचे कालवे, कालव्यांचे फाटे, फाट्यांचे दरवाजे आणि प्रत्येक दरवाजापाशी पाण्यात उभी केलेली आकड्यांची पट्टी. दरवाजावरचा लस्कर, म्हणजे पाणी सोडणारा राखणदार, काठावरूनच ओरडून आकडा सांगायचा. बाकीचे लोक तो लिहून घेत आणि सावलीला बसत. सेतुमाधवराव मात्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडून निसरड्या पायऱ्या उतरायचे, पट्टीपाशी वाकून बघायचे आणि मगच वही उघडायचे. यापायी खात्यात ते कुणाचे लाडके नव्हते, आणि लाडकं व्हावं अशी त्यांना हौसही नव्हती.

अशा माणसानं निवृत्तीनंतर सात महिने दुसऱ्याच्या तोंडचे आकडे लिहून घ्यावेत, याला काय म्हणावं?

झालं असं. अठ्ठ्याण्णव साली तंजावरच्या काही वकिलांनी एक समिती काढली. पोलीस कोठडीत ठेवलेल्या माणसांना आठवड्यातून दोनदा कुणीतरी बाहेरच्यानं जाऊन भेटावं, त्यांची विचारपूस करून चार ओळी लिहाव्यात, एवढंच काम. वरून परवानगीचं पत्रही मिळालं. समितीत सेतुमाधवरावांची पुतणी संगीता होती. तिनं काकांना परस्पर स्वयंसेवक करून टाकलं.

"काका, घरी बसून काकूच्या सांबारांत मीठ कमी की जास्त, येव्हडंच बघता तुम्ही," ती म्हणाली. "त्यापरीस हे बघा."

काकूनं, म्हणजे वसुमतीनं, याला तत्काळ अनुमोदन दिलं.

मग सेतुमाधवराव मंगळवारी आणि शुक्रवारी मोपेडवरून ठाण्यावर जाऊ लागले. छापील कागदावर चार प्रश्न होते: जेवण मिळालं का, पाणी मिळालं का, मारहाण झाली का, घरी कळवलं का. गजाआडच्या माणसाला ते अदबीनं नमस्कार करत आणि तमिळमध्ये पहिला प्रश्न विचारत, "साप्टाच्चा?" जेवण झालं का? समोरून उत्तर येई, "आच्चु, सार." झालं. सेतुमाधवराव खूण करत. पुढच्या प्रश्नांनाही अशीच सरळ उत्तरं येत. मारहाण विचारताना हेडकॉन्स्टेबल शेजारीच उभा असे, हे त्यांना खटकायचं. पण निदान पोटाचं तरी नीट चाललंय, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. सेतुमाधवराव वाईट नव्हते, भाबडे होते. पाण्याच्या बाबतीत देवावरही विश्वास न ठेवणारा हा गृहस्थ माणसांच्या बाबतीत पहिल्या शब्दावर खूण करत होता.

एका शुक्रवारी कोठडीत कृष्णस्वामी नावाचा माणूस होता. पापनाशमजवळच्या खेड्यातला, भाताच्या गिरणीत पोती वाहणारा, चाळिशीचा. शेतातल्या पंपाची मोटर चोरल्याचा संशय. भिंतीला टेकून बसला होता, उजवा हात पंच्यात गुंडाळून मांडीवर ठेवलेला. सेतुमाधवरावांना बघून तो धडपडत उभा राहिला.

"साप्टाच्चा?"

"आच्चु, अय्या."

पाणी मिळालं. मारलं नाही. घरी कळवलंय. चार खुणा झाल्या, सेतुमाधवरावांनी सही केली आणि ते जेवायला घरी आले.

घरी ओरत्तनाडूहून त्यांची मावसबहीण कृष्णवेणी आली होती. नुकतीच बसमधून उतरलेली, कपाळावरचं कुंकू घामानं पसरलेलं. वसुमतीनं विचारलं, "जेवण झालं की?"

"झालं, झालं," कृष्णवेणी म्हणाली. "तुम्ही बसा. मज काहीच नको."

वसुमतीनं तिच्याकडे दुर्लक्ष करून केळीचं पान मांडलं, पाणी शिंपडलं, भात वाढला. कृष्णवेणीनं दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा हात धुतले, आणि मग जी जेवली ती दहीभातापर्यंत मान वर न करता जेवली. सकाळपासून पोटात कॉफीशिवाय काही नव्हतं, हे तिनं ताक पिताना कबूल केलं.

"मग झालं कशाला म्हणालीस?" सेतुमाधवरावांनी सहज विचारलं.

उत्तर वसुमतीनं दिलं. "अहो, कोण्ही नाही म्हणतं का? दारांत विचारलं की झालंच म्हणायचं. पान वाढून बघायचं असतं, विचारून काय कळतं?"

सेतुमाधवरावांचा घास हातातच राहिला. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतः हजारदा तेच उत्तर दिलं होतं. तंजावरच्या मुलखात ते उत्तर नसतंच, ती रीत असते. आणि गजाआडचा माणूस म्हणून काय त्याची रीत सुटते? त्यांना एकदम शरम वाटली. ते अर्ध्या पानावरून उठले. असं त्यांनी वडील गेले त्या दिवशीही केलं नव्हतं.

"भात बांधून दे," ते म्हणाले. वसुमतीनं कारण विचारलं नाही. चिंचेचा भात आणि दहीभात, दोन पुडे पानात बांधून दिले.

ठाण्यावर हेडकॉन्स्टेबलनं कुरकुर केली. सकाळी एकदा भेट झाली, पुन्हा कशाला? सेतुमाधवरावांनी परवानगीचं पत्र त्याच्या टेबलावर ठेवलं. "पत्रात वेळ लिहिलेली नाही," ते म्हणाले आणि उभेच राहिले. कालव्याच्या पायऱ्यांवर उभं राहायची सवय होती, कंटाळला शेवटी हेडकॉन्स्टेबलच.

यावेळी त्यांनी काही विचारलं नाही. गजातून दोन्ही पुडे आत दिले आणि उकिडवे बसून राहिले.

कृष्णस्वामीनं पुड्यांकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "नको अय्या, झालंय," म्हणाला. सेतुमाधवराव हलले नाहीत. मग त्यानं पान सोडलं आणि डाव्या हातानं पहिला घास उचलला.

डाव्या हातानं. आपल्याकडे तान्ह्या पोराचाही डावा हात पानावरून बाजूला करतात. तो बिचारा डाव्या हातानं भात उचलत होता, निम्मा सांडत होता, आणि लाजेनं भिंतीकडे तोंड करत होता. पंचा घसरला. उजव्या हाताची दोन बोटं सुजून काळीनिळी झाली होती आणि वाकत नव्हती.

"कधीपासून उपाशी आहेस?" सेतुमाधवरावांनी हळू विचारलं.

"परवा सकाळी खाल्लं होतं," तो म्हणाला. तोंडात भात होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणजे परवापासून तो तिथे होता, आणि सकाळी पाहिलेल्या ठाण्याच्या रजिस्टरमध्ये अटक आजची दाखवलेली होती, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचा नियम चुकवायला.

सेतुमाधवरावांनी नवीन कागद घेतला. खुणा केल्या नाहीत. पट्टीवरचा आकडा लिहावा तसं दिसलं तेवढंच लिहिलं: उजव्या हातानं घास उचलता आला नाही, डाव्या हातानं खाल्लं, दोन बोटं वाकत नाहीत, दुपारचे सव्वादोन. त्याखाली हेडकॉन्स्टेबलची सही मागितली. त्यानं दिली नाही, तर तेही लिहिलं. मग कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून संगीताला फोन केला. संध्याकाळच्या आत कृष्णस्वामी मॅजिस्ट्रेटपुढे आणि तिथून सरकारी डॉक्टरपुढे उभा होता. दोन्ही बोटं मोडली होती. त्याला जामीन मिळाला. मोटर पुढे मालकाच्याच मेव्हण्याच्या शेडात सापडली, पण ती गोष्ट वेगळी.

संगीतानं काकांचं भरभरून कौतुक केलं. काका खूश झाले नाहीत. सात महिन्यांचे कागद त्यांनी पुढ्यात घेतले होते. पानापानावर त्यांच्या सुबक अक्षरात जेवण मिळालं, जेवण मिळालं. त्यांनी समितीला लिहून कळवलं की माझे आधीचे सगळे अहवाल खोटे धरावेत. आणि त्या कागदांवरचे पत्ते उतरवून घेऊन ते मोपेडवर निघाले.

पहिलंच गाव कालव्याच्या कडेला होतं, जुन्या ओळखीच्या दरवाजापासून हाकेच्या अंतरावर. ज्याला भेटायचं तो मुलगा कामाला तिरुप्पूरला गेला होता. घरी आई होती, अंबा नावाची. ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. सेतुमाधवरावांनी आपण कोण ते सांगितलं.

"ते तुम्ही होय," ती म्हणाली. "सांगत होता. एक मोठे अय्या आले, हात जोडून जेवलास का विचारलं म्हणाला. तेवढंच बरं वाटलं म्हणाला."

"आणि जेवला होता का तो?"

"कुठला जेवतोय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच त्यांना जास्त लागलं. "पण तुम्ही चालून आलात, म्हणजे पाहुणे. पाहुण्याला कुणी उपाशी आहे म्हणून सांगतं का?"

 सेतुमाधवराव माफी मागायला आले होते, ती कशी मागतात ते आठवेना. म्हातारीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "साप्टाच्चा, अय्या?"

आच्चु, हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता.

"नाही," सेतुमाधवराव म्हणाले. "सकाळपासून काही खाल्लं नाही."

अंबानं मांडीवरची टरफलं झटकली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि केळीचं पान कापायला परसात गेली.