इंटरव्हलमध्ये भेटलेली 'जिवलग' मैत्रीण

कम्युनिटीवरच्या मंडळींनो, आज चेन्नईतल्या अण्णा नगरला शाळकरी पोरांचा एक विनोदी सिनेमा पाहायला गेले होते. इंटरव्हलमध्ये शाळेतली विद्या भेटली. मी पुण्याहून चेन्नईत नवीन आले, तेव्हा माझ्या मोडक्या तमिळची नक्कल करून ती अख्ख्या वर्गाला हसवायची.

आज मात्र गळ्यातच पडली. नवऱ्याला म्हणाली, "ही माझी जिवलग मैत्रीण! शाळेत काय मजा करायचो आम्ही!"

मी त्याला अस्खलित तमिळमध्ये सांगितलं, "मजा हिची व्हायची. मी घरी जाऊन रडायचे."

विद्याचं तोंड उतरलं. तो तिच्याकडे बघतच राहिला. मी सारवासारव केली नाही. उरलेला सिनेमा खदाखदा हसत पाहिला.

माझ्या जागी तुम्ही असता, तर गप्प बसला असता?