पिल्लांचं बारसं

मंडळी, एक विचारायचंय.

इथे नॉटिंगहॅमला लेकीच्या वर्गात इन्क्यूबेटरमधल्या अंड्यांतून सगळी पिल्लं सुखरूप बाहेर आली. आज सकाळी मी हौसेने त्यांचं बारसं केलं. मुलांनी कानाशी 'कुर्रर्र' केलं, लेकीने आपल्या पिल्लाचं नाव सोनी ठेवलं.

दुपारी इन्क्यूबेटर भाड्याने देणारा माणूस पिल्लं न्यायला आला. बारशाचा लाडू खात म्हणाला, "माद्या फार्मवर जातील. नर कोणालाच नको असतात, ते मारून टाकतो." त्या चावणाऱ्या तोंडाची किळस आली मला.

गाडीत लेकीने विचारलं, "आई, माझा सोनी आता कुठे राहणार?"

"माझा नाही, माझी म्हण," असं नेहमीसारखं सांगणार होते. पण सोनी नर आहे की मादी, मला तरी कुठे ठाऊक होतं?

तुम्ही तिचं मराठी सुधारलं असतंत?