हंड्याच्या आतली कलई

ही केस डोक्यातून जात नाही, कोणी भेटलं की मी सांगतोच. तेव्हा मी धामणगाव बढेकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. बीटी कपाशीची वर्षं, वेचणी ऐन भरात.

सकाळीच खबर आली, एका शेतातल्या नऊ वेचणाऱ्या बाया उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात. मागोमाग शेतमालक हजर. "साहेब, धुऱ्यावरच्या शेजाऱ्यानं पाण्यात फवारणीचं औषध टाकलं. आमचं बांधाचं भांडण साऱ्या गावाले माहीत हे."

शेजाऱ्याला आणलं. त्याच्या घरात औषधाची बाटली सापडली, पण तेव्हा ती कोणाच्या घरात नव्हती? दोन तास उलटसुलट विचारलं. उत्तर एकच, "मी नाही टाकलं." शेवटी म्हणाला, "साहेब, सोमवारी पोरीले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले. मले आत टाकलं तं कोण येईन?"

खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी नवीन जोडतो. यानं काहीच जोडलं नाही.

मग बाया ज्यातलं पाणी प्यायल्या तो तांब्याचा हंडा जप्त करायला शेतात गेलो. पंच म्हणून चौकातले कलईवाले चाचा मिळाले. मी पंचनामा लिहितोय, तेवढ्यात चाचा हंड्यात डोकावले आणि कपाळावर हात मारला.

"ही तं माह्याच हातची कलई. मालक, म्हटलं होतं ना, पाण्याच्या हंड्याले आतून कलई नाही लावत?"

"सैपाकाच्या भांड्याईले लावली, मंग यालेच काऊन नाही?" मालक म्हणाले. "कसा चकचकीत दिसते."

मला काही कळेना. दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं: लक्षणं औषधाची नाहीत, खराब पाण्याची आहेत. विहिरीचं पाणी रात्रभर नुसत्या तांब्यात राहिलं की बरेच जंतू मरतात. कथलाच्या कलईनं तांबं झाकलं, जंतू तसेच राहिले. शेजाऱ्याला घरी पाठवलं. शनिवारी पाण्याच्या तपासणीचा अहवाल आला: औषध नाही, विहिरीतली घाण. तोवर बायाही बऱ्या झाल्या होत्या. विहिरीत ब्लीचिंग टाकलं, हंडा मालकांना परत दिला, चाचांनी कलई खरवडली.

सोमवारी मी मुद्दाम तिकडून गेलो. मालक स्वतः तोच हंडा डोक्यावर घेऊन शेजाऱ्याच्या दारात. पाव्हण्यांसाठी पाणी.

शेजाऱ्यानं हंडा कलता केला. "आतून लाल हे ना बे?"

"हाव. पाहून घे."

त्यानं पाहिलं, आणि मगच पेले भरले. पहिला मला दिला.

पंचनाम्यात मी 'तांब्याचा हंडा, नग एक' एवढंच लिहिलं होतं. पुढे नोकरी संपेपर्यंत कुठलीही वस्तू आतून पाहिल्याशिवाय कागदावर घेतली नाही.